केळीच्या राखेचं ग्लेझ: राख धुवायची की तशीच वापरायची?

प्रश्न (रावेर)
केळीचे खांब वाळवून जाळले, दोनेक किलो राख निघाली. स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीच्या) बरण्यांना ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) द्यायचंय. भट्टी गॅसची, 1260 अंशांपर्यंत जाते. राख चाळून थेट कालवली तर बादलीत दह्यासारखी घट्ट होते आणि वाळल्यावर बरणीच्या काठावर पांढरा खार फुटतो. काय करावं?

उत्तर (जळगाव)
राख धुवा. तिच्यातलं पोटॅश (पोटॅशियमचा खार) पाण्यात विरघळतं. ते पाणी मातीत जिरतं, काठाकडून उडतं आणि खार तिथंच साचतो. भाजल्यावर त्या जागी फोड येतात. बादलीतला घट्टपणाही त्यामुळेच. वरून पाणी ओतत बसू नका, थर वाळताना तडकेल.

1 किलो राखेला 6 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. खार त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. आधी 60 मेशच्या (इंचाला 60 छिद्रांच्या) चाळणीतून ओलीच गाळा, म्हणजे कोळसा वर राहतो. ठिबकच्या नळीचे तुकडे तर जाळण्याआधीच वेचा. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओतून टाका, नवं घाला, असं तीनदा. मग वाळवून 80 मेश.

मात्र केळीच्या राखेत पोटॅशच फार, धुतल्यावर हाती थोडीच उरेल. पऱ्हाटीची (कापसाच्या वाळक्या झाडांची) राख मिसळा, तीही धुऊनच.

उत्तर (धुळे)
निवळीचं पाणी बुळबुळीत लागतं, तो साबण नव्हे, कातडी विरघळते आहे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, बंद चष्मा, कोरडी राख हाताळताना एन-95 मास्क. उपरणं चालत नाही. अंगावर उडालं तर लिंबू चोळू नका, वाहत्या पाण्याखाली 15-20 मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन थेट दवाखाना.

प्रश्नकर्ता
प्रमाण काय धरू? आणि साध्या लाल मातीच्या माठावर 1000 अंशांत जमेल का? शेंदूर टाका असं कुणी सांगितलं.

उत्तर (जळगाव)
शेंदूर म्हणजे शिसं. भांड्याला नकोच, भट्टीच्या धुरातही नको. 1000 ला बोरॉनची फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) लागते, ते वेगळं गणित. माठाची माती 1260 ला मऊ होऊन खाली बसते, म्हणून स्टोनवेअरच ठेवा.

वजनाने सुरुवात अशी: धुतलेली वाळली राख 40, पोटॅश फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणाऱ्या खनिजाची पूड) 40, चिनी माती 20. ओघळलं तर चिनी माती 5 वाढवा, कोरडं खरखरीत राहिलं तर फेल्डस्पार. बुडाशी बोटभर जागा कोरी सोडा, नाहीतर बरणी भट्टीतल्या शेल्फला चिकटेल.

उत्तर (चोपडा)
लोणच्याची बरणी असेल तर आधी तेच ग्लेझ देऊन भाजलेल्या चाचणीच्या फरशीवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. चकाकी किंवा रंग उतरला तर त्या ग्लेझमध्ये लोणचं भरू नका. डाग पडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. विकायच्या बरण्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या.