सीलच्या पिल्लांच्या पोटातले बॅक्टेरिया: कोणाला माहिती आहे का?

प्रश्न (कोथरूड): मुलगी मायक्रोबायोलॉजी करतेय, तिला एलिफंट सीलवर (समुद्रात राहणारा मोठा सस्तन प्राणी) प्रेझेंटेशन द्यायचंय. पिल्लं आईचं दूध फक्त चारेक आठवडे पितात म्हणे, मग दोन-अडीच महिने किनाऱ्यावर उपाशीच! खायलाच काही नाही तर पोटातले बॅक्टेरिया जगतात कशावर?

उत्तर १: ताई, सगळे मरत नाहीत. आतड्याच्या आतल्या अस्तराचा चिकट पदार्थ असतो ना, त्यावरही बरेच बॅक्टेरिया जगतात, आणि पिल्लू अंगावरच्या चरबीवर तगतं, ते दूध शेवटी शेवटी निम्म्याहून जास्त फॅटचं होतं, आपलं म्हशीचं ६-७ टक्के!

उत्तर २: मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, मेक्सिकोच्या बाजूला अशा पिल्लांचे स्वॅब घेतले होते, आणि नर-मादी आकाराने अजून सारखेच असताना, एकाच किनाऱ्यावर वाढत असूनही पोटातले बॅक्टेरिया वेगळे निघाले. मोठेपणी नर दोन टनांपर्यंत जातो, मादी त्याच्यापुढे अगदीच लहान. मुलीला हाच मुद्दा आधी मांडायला सांगा.

उत्तर ३ (पाषाण): बॅक्टेरिया जपून कसे ठेवतात ते बघायचं असेल तर आपल्या पुण्यातच एनसीएमआर (नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स, सूक्ष्मजीव जपून ठेवणारी संस्था) आहे, विचारून बघा.

कोथरूड: खूप आभार, आज रात्रीच तिला वाचून दाखवते.