उपवासकाळात तरुण संघासाठी धन्यवचनं: भाषण नको, करण्यासारखं काय ते सांगा

तरुणसंघ_नगर

सलाम मंडळी.

उपवासकाळाची सुरुवात म्हणजे राखेचा बुधवार. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत, रविवार सोडून, 40 दिवस भरतात. बायबलात मत्तय 5:3-10 मध्ये धन्यवचनं, म्हणजे ‘अमुक ते धन्य’ अशी येशूची वचनं, आठ. म्हणून आमच्या तरुण संघाचा बेत असा आहे की प्रत्येक वचनाला पाच दिवस द्यायचे. वीसेक जण आहेत, बहुतेक नोकरीवाले, काही एमआयडीसीत शिफ्ट ड्युटीवर. दर वर्षी पोस्टर लागतं, व्हॉट्सॲपवर वचन फिरतं, पाळकसाहेबांचा संदेश होतो आणि ईस्टर झाला की सगळं जिथल्या तिथं.

पाच दिवसांचा हिशेब चालेल का? ‘दयाळू’ म्हटलं की काय करायचं ते सुचतं, पण ‘आत्म्याने दीन’ आणि ‘सौम्य’ यांसाठी नेमकं करायचं काय? आणि नोंद ठेवावी का? ठेवली तर परूशीपणा, म्हणजे धार्मिकतेचा दिखावा, येतो, नाही ठेवली तर तिसऱ्या दिवशी विसरायला होतं.

शास्त्रपाठ_सोमवार

गणित जुळतंय, पण बेत जमणार नाही. पाच दिवसांत सवय लागत नाही, विषय मात्र बदलतो. शिवाय ‘शोक करणारे’ हे वचन सोमवार ते शुक्रवार कसं लावणार? मंडळीत कोणाच्या घरी कधी दुःख होईल ते वेळापत्रकात बसत नाही.

ही आठ वचनं सुटी नाहीत. पहिल्या आणि आठव्या वचनाचं अभिवचन एकच आहे, ‘स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’, तेही वर्तमानकाळात. मधली सहा भविष्यकाळात: सांत्वन होईल, तृप्त होतील, दया होईल. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित संत ऑगस्टीन, त्याने याच कारणाने वचनं सातच धरली आणि आठवं पहिल्याकडेच परत नेतं असं म्हटलं. त्याने यशया 11 मधल्या आत्म्याच्या सात दानांशी त्यांची जोडी लावली. म्हणजे पायऱ्यांचा क्रम आहे, आणि दीनता ही पहिली पायरी. ती गाळून थेट शांती करायला निघालं की काय होतं ते चर्चच्या पंच कमिटीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये बघायला मिळतं.

माझं मत: संघाने मिळून एकच काम 40 दिवस धरावं, आणि प्रत्येकाने स्वतःचा एकच दोष. बाकीची वचनं शास्त्रपाठात वाचा.

‘आत्म्याने दीन’साठी: चर्चमधलं एक काम घ्या, पण ते स्वतः निवडायचं नाही. चर्चची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारायचं आणि तो देईल ते करायचं. संडास धुणं, सतरंज्या झटकणं, उपासनेनंतर खुर्च्या लावणं. फोटो नाही, नोटिशीत नाव नाही. दुसरं, आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी मदत मागायची. मदत देणं बहुतेकांना जमतं, मागताना जीभ अडते. इथे घात होतो तो खोट्या नम्रतेने. ‘मी काय, मी कोणीच नाही’ असं चारचौघांत म्हणणारा बहुधा ‘छे छे, तुम्ही तर किती करता’ ऐकायलाच थांबलेला असतो.

‘सौम्य’ म्हणजे गप्प बसणारा, हा गैरसमज आधी काढा. गणना 12:3 मोशेला पृथ्वीवरल्या सगळ्यांहून नम्र म्हणतं, आणि तोच माणूस इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर, पुन्हा पुन्हा उभा राहिला. स्वतःच्या अपमानाला उत्तर द्यायला तो घाई करत नाही, दुसऱ्यावर अन्याय होताना मात्र गप्प राहत नाही. यावरून संघासाठी नियम करा: माझ्याविषयी कोणी काही लिहिलं तर उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शक्यतो समोरासमोर. ग्रुपवर अजिबात नाही. दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर लगेच बोलायचं.

वसईकर

जय येशू. नोंदीचा प्रश्न जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकातच सोडवलाय, आमच्याकडे रिट्रीटमध्ये शिकवतात. तुम्ही प्रॉटेस्टंट असलात तरी वापरायला हरकत नाही, त्यात पंथाचं काही नाही.

पद्धत अशी. एकच दोष निवडा आणि तो मोजता येईल असा हवा. ‘प्रेमळ व्हायचं’ हे मोजता येत नाही. ‘कँटीनमध्ये गैरहजर माणसाबद्दल वाईट बोलणं’ हे मोजता येतं. सकाळी उठल्या उठल्या त्या एका गोष्टीचा निश्चय. दुपारी जेवणानंतर सकाळपासूनचा एकेक तास मनात फिरवायचा आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे. रात्री जेवणानंतर दुपारपासूनचे तेवढेच. वहीच्या पानावर दर दिवसाला दोन रेघा, वरची दुपारची, खालची रात्रीची. सात दिवसांच्या चौदा रेघा, आणि मूळ पद्धतीत त्या दिवसागणिक आखूड होत जातात, कारण ठिपके कमी व्हावेत ही अपेक्षा. चूक होते त्या क्षणी हात छातीला लावायचा. चारचौघांतही कोणाला कळत नाही.

रात्री कालच्याशी आजची तुलना, शनिवारी गेल्या आठवड्याशी. सगळं मिळून दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. शिफ्टवाल्यांनी दुपार-रात्र न धरता डबा खाल्ल्यानंतर आणि झोपण्याआधी अशी वेळ ठेवावी.

परूशीपणा येतो तो वही दुसऱ्याला दाखवल्याने. नाव न घालता ठेवा, ईस्टरला फाडून टाका. संघात ठिपक्यांची चर्चा नको, ‘नोंद केली का’ एवढंच विचारा.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. चुका वाढलेल्या नसतात, लक्ष वाढलेलं असतं. पुष्कळ जण नेमके इथे सोडतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. आणि ज्यांचं मन मुळातच अपराधभावाने कुरतडलं जातं, त्याच त्याच पापाची कबुली पुन्हा पुन्हा देतात, त्यांना ठिपके देऊच नका. त्यांनी रोज कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहाव्यात आणि फादर किंवा पाळकांशी बोलावं. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांशी.

महिलामंडळ_ताई

संघाने मिळून करायचं काम मी सुचवते: पगार. ‘नीतिमत्त्वाचे भुकेले’ हे वचन आपण मोर्चा-निवेदनाकडे ढकलतो, पण बायबलातलं अनुवाद हे पुस्तक (24:14-15) सांगतं की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. याकोब 5:4 मध्ये अडकवलेली मजुरी ओरडते. तेव्हा संघातल्या प्रत्येकाने घरी तपासावं: मावशींचा पगार ठरल्या तारखेला जातो का? महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या पगारी आहेत का? आपण गावाला गेलो की त्यांचे पैसे कापतो का? रंगारी, प्लंबर यांची बाकी राहिली आहे का? बाकी असेल तर या 40 दिवसांत चुकती करायची. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, आपण निदान मुद्दल तरी देऊ. आणि चर्चच्या स्वतःच्या झाडूवाल्यापासून सुरुवात करा, नाहीतर बाकीचं बोलणं फुकट.

दयेबद्दल. किराणा किट वाटून फोटो टाकणं बंद करा, मत्तय 6:3 स्पष्ट आहे. आधी विचारा काय हवं. मधुमेही आजीला साखरेचं पाकीट देऊन काय उपयोग? औषधांचं बिल असेल तर मेडिकलमध्ये परस्पर भरा, फी असेल तर शाळेत भरून पावती घरच्यांच्या हातात द्या. उसने कोणी मागितले तर आधी मनाशी ठरवा, परत आले नाहीत तरी चालेल अशी रक्कम किती. तेवढेच द्या आणि पुन्हा विषय काढू नका. बुडतील म्हणून घरात भांडण होईल एवढे द्याल तर पैसेही जातात आणि माणूसही.

सातत्य हवं असेल तर मिझोरामच्या चर्चमधल्या बायकांची रीत बघा: रोज स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची. शंभरेक वर्षांहून जुनी रीत आहे. आपल्याकडे एक मूठ साधारण 40 ते 50 ग्रॅम धरली तर दोन वेळचे मिळून महिन्याला अडीच-तीन किलो होतात. झाकणाचा डबा वापरा, ओला हात नको, दर पंधरवड्याला रिकामा करा, नाहीतर पोरकिडे होतात. ज्यांना द्यायचं ती घरं आधी ठरवून ठेवा. नुसतं जमवून चर्चच्या खोलीत पोतं पडून राहतं, हे नेहमीचं.

पण धान्यावर थांबू नका. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या तेव्हा अन्नासोबत अक्षर आणि हाताला काम दिलं. दया आणि नीतिमत्त्व तिथे एकत्र चालले.

शोकाच्या घरी: दोघांनी जायचं, वीस मिनिटं बसायचं, स्तोत्र 23 किंवा योहान 14:1-3, एक छोटी प्रार्थना, आणि उठायचं. जेवण नेणार असाल तर डबे परत मागायला लागू नयेत असे न्या. ‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसं देव लवकर नेतो’ हे बोलू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि बिघडलं.

खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागते, जेव्हा पाहुणे पांगतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, नंतर विलंब शुल्क आणि धावपळ. दाखल्याच्या जास्त प्रती काढून घ्या; बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात. संघातल्या एकाने सोबत जाऊन रांगेत उभं राहावं. पहिला नाताळ आणि पहिला वाढदिवस डायरीत लिहून ठेवा.

तरुणसंघ_नगर

पगाराची कल्पना पटली, पंचांपुढे ठेवतो. एक विचारायचं राहिलं. मंडळीत दोन भावांची घरं बोलत नाहीत, शेताच्या वाटणीवरून. एक घर पहिल्या उपासनेला येतं, दुसरं दुसऱ्या. ‘शांती करणारे’ म्हणून संघाने मध्ये पडावं का?

बार_रूमबाहेर

संघाने म्हणून नाही. वीस जण गेले की पंचायत होते. मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या दिल्यात: आधी एकट्याने एकट्याकडे, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मंडळीपुढे शेवटी. तुमच्यापैकी दोन्ही घरांचा विश्वास असलेला एकच जण निवडा, शक्यतो नात्यातला नको.

त्याने करायचं ते असं. दोघांना वेगवेगळं भेटा आणि प्रत्येकाचं म्हणणं कागदावर त्याच्याच शब्दांत लिहून त्यालाच वाचून दाखवा. ‘बरोबर लिहिलंय’ असं म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. जमिनीचा मुद्दा आणि मानाचा मुद्दा वेगळे काढा. बरेचदा सातबारापेक्षा ‘आईच्या आजारपणात आला नाही’ हेच मोठं असतं. मानाचं तुम्ही बोलू शकता. जमिनीचं वकिलाकडे आणि नोंदणीकृत वाटणीपत्राकडे सोपवा, तोंडी वाटणीवर प्रार्थना करून उठू नका.

चुका तीन होतात. मध्यस्थ निरोप्या होतो आणि निरोप पोचताना तिखट होतो. बैठक एकाच्या घरी ठेवली जाते. चर्चचं आवार किंवा तिसऱ्याचं घर घ्या. आणि पैशाचं न सुटता उपासनेत हस्तांदोलन करायला लावतात, मग पुढची दहा वर्षं दोघं त्या हस्तांदोलनावर चिडलेले असतात. मत्तय 5:23-24 अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट कर म्हणतं, पण ते ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला सांगितलंय, प्रेक्षकांना नाही.

एका ठिकाणी मध्यस्थी करायचीच नाही: घरात मारहाण असेल तर. बाईला ‘शांती करणारी हो’ म्हणून परत पाठवणं हे या वचनाचं विडंबन आहे. आधी ती आणि मुलं सुरक्षित, महिला हेल्पलाइन 181, तातडी असेल तर 112. प्रार्थना त्यानंतर.

वसईकर

आठव्या वचनाबद्दल, म्हणजे ‘नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला ते धन्य’, दोन ओळी, कारण तरुण मुलं ते पटकन उचलतात. ग्रुपवर कोणी टोकलं की लगेच ‘छळ होतोय’. 1 पेत्र 4:15 नेमकं हेच सांगतं की दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून दुःख ओढवलं तर ते यात धरू नका. ‘नीतिमत्त्वाकरता’ हा शब्द वाचा. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी पाणी आणि जमिनीच्या प्रश्नावर उभं राहून विरोध आणि धमक्या सोसल्या, तो प्रश्न सगळ्या गावांचा होता, एकट्या ख्रिस्ती माणसांचा नव्हता. कसोटी म्हणून एवढं विचारा: मी गप्प बसलो तर नुकसान कोणाचं? उत्तर ‘माझ्या इभ्रतीचं’ आलं तर तो विषय सौम्यतेच्या वहीत टाका.

आणि राखेच्या बुधवारी सुरू करायचं असेल तर दोष निवडणं आणि वह्या आखणं आदल्या रविवारीच उरका. बुधवारी सुरुवात केली की पहिला आठवडा निवडण्यातच जातो.