एसआय२ हिरा चालेल, पण दोष कुठला ते बघा

एसआय२ ही हिऱ्याच्या शुद्धतेची, म्हणजे त्यात दोष किती याची, एक ग्रेड. 'एसआय२ नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसला की झालं' असं काही जण म्हणतात, ते बरंचसं पटतं. ग्रेड दहापट भिंगाखाली ठरते, अंगठी कोणी भिंगातून बघत नाही. कडेचा काळा ठिपका तर प्रॉंगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली) झाकताही येतो. तोच टेबलाखाली (वरच्या मोठ्या सपाट पैलूखाली) खोलवर असला की प्रतिबिंबांमुळे एकाचे चार दिसतात.

मला जास्त धास्ती 'क्लाउड'ची, म्हणजे ढगासारख्या दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या पुंजक्याची. ग्रेड मुख्यतः त्याच्यावरच ठरली असेल तर ठिपका एकही सापडत नाही, पण हिरा दुधाळ, निस्तेज वाटू शकतो. फोटोत हे सहसा कळत नाही, म्हणून चांगल्या हिऱ्याशेजारी ठेवूनच बघा. आणि हो, एमराल्ड कटमध्ये (पायऱ्यांसारख्या पैलूंच्या आयताकृती घडणीत) एसआय२ घेण्याची काटकसर नको! ते रुंद सपाट पैलू सगळं उघडं पाडतात. राउंड ब्रिलियंटमध्ये (अनेक छोट्या पैलूंच्या गोल हिऱ्यात) बरंच खपून जातं.