किनाऱ्यावर सीलचं पिल्लू एकटंच दिसलं तर काय करायचं?

प्रश्न: डिसेंबरात इंग्लंडमधल्या नॉरफोकला हॉर्सीच्या किनाऱ्यावर जाणार आहोत, सोबत मुलं आणि कुत्रा. वाळूत पांढरं पिल्लू एकटंच दिसलं तर पाण्यात सोडायचं का?

उत्तर १: अजिबात नाही! पांढरी लव असलेलं ग्रे सीलचं पिल्लू पोहायला तयार नसतं. लव भिजते, अंगात पुरेशी चरबी नसते, ते गारठून किंवा बुडून मरतं. आई बहुतेक वेळा जवळच्या पाण्यातून बघत असते; माणसं वाटेत उभी राहिली की ती वर येत नाही. दूध जेमतेम तीन आठवडे मिळतं आणि तेवढ्यात १४ किलोचं पिल्लू ४०च्या पुढे जायचं असतं. म्हणून तुमच्यामुळे त्याचं एकही पाजणं चुकू देऊ नका. ५० मीटर तरी लांब राहा, कुत्रा पट्ट्यावरच हवा.

उत्तर २: डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणजे रडतंय असं नाही. सीलला अश्रू नाकात उतरवणारी नळी नसते, म्हणून डोळ्याभोवती ओलं वर्तुळ दिसतं. ते कोरडं असेल तरच काळजी. मान बारीक, कमरेची हाडं वर आलेली, खोकला, गळ्यात जाळं असेल तर ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू या समुद्री प्राण्यांना वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा: ०१८२५ ७६५५४६. नेमकी जागा आणि भरती कुठवर आलीय तेही सांगा.

उत्तर ३: खायला घालू नका, अंगावर पाणी ओतू नका. चावलंच तर डॉक्टरांना ‘सील चावला’ असं आवर्जून सांगा. बोट सुजतं, त्यावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं.