मदत हवी आहे : घरच्या सर्वरवरचं पेज अर्धंच उघडते

राजेहो, जरा डोकं लावा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात घरीच रास्पबेरी पायवर (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) एनजिन्क्स (वेब सर्वरचं सॉफ्टवेअर) टाकून कापूस-तुरीच्या हिशेबाची छोटी साइट चालवून राहिलो, फायबर कनेक्शन आहे, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेतला, पोर्ट फॉरवर्डपण केला (बाहेरून आलेली मागणी राउटर पायकडे पाठवते). घरच्या वायफायवर पेज पटकन उघडते, पण वावरात जाऊन मोबाइल डेटावर पाहिलं की टायटल येते, दोन ओळी येतात अन् मग नुसतं गोल गोल फिरत राहते, फोटो तर येतच नाई. लॉगमध्ये मात्र २००च (म्हणजे 'सगळं ठीक') दिसते, म्हणून आधी मले वाटलं मोबाइलची रेंजच बेकार आहे, पण बाकी साइटा बरोबर चालतात ना भाऊ!

काल पायवरून डोन्ट-फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नको) लावून बाहेर पिंग मारून पाहिलं, १४६४ बाइट जाते, १४७२ जात नाई. राउटर पीपीपीओईवर (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून जोडायची पद्धत) आहे म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) १४९२, पिंगचे १४६४ अन् हेडरचे २८ मिळून तेवढेच होतात, अन् पायचा १५००. त्यात मीच शहाणपणा करून फायरवॉलमध्ये पिंगचं उत्तर सोडून बाकी सगळं आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणीचे निरोप) बंद केलं होतं, त्यामुळे 'पॅकेट मोठं आहे' हा राउटरचा निरोप पायले भेटतच नसन काय?

आता आयसीएमपी उघडू, पायचा एमटीयू १४९२ करू, का राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (जोडणी होतानाच पॅकेटमधला डेटा कमी ठरवून देणं) लावू? ज्यानं केलं असन त्यानंच सांगा, लाइट रात्रीच राहते, लय प्रयोग जमत नाई.