प्रतिसाद: सतारीला बासची सोबत

जॅझमध्ये सतार फक्त रंगापुरती, म्हणजे वेगळा नाद म्हणून येते, हे तुमचं म्हणणं पुष्कळ रेकॉर्ड्सना लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. आपल्या माळव्यातलंच उदाहरण घ्या. जावऱ्यात जन्मलेले उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ १९५८ मध्ये, अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक भारतात आले तेव्हा, त्यांच्याबरोबर वाजवले होते.

खरी अडचण कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगटांची आहे. तरफा, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, एकदा रागाला मिळवल्या की त्या तशाच झंकारत राहतात. खाली कॉर्ड भराभर बदलले, तर तोच झंकार टोचू लागतो. म्हणून मला पियानोपेक्षा डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं ते उंच, खर्जातलं वाद्य, सतारीच्या जवळचा वाटतो. त्याला पडदे नाहीत, त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघते, स्वर हवा तेवढा उतरवता येतो. मोकळी तार षड्जासारखी धरता येते, आणि गजाने वाजवला तर थेट गाण्याचा श्वास येतो.

रविशंकरांकडे सतार शिकलेल्या कॉलिन वॉलकॉट यांचं ‘क्लाउड डान्स’ (१९७५) जरूर ऐका. बासवर डेव्ह हॉलंड आहेत. पुढे १९७७ मध्ये हॉलंडनी ‘एमराल्ड टिअर्स’ हा एकट्या बासचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. आपल्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांची झूमरा या संथ तालातली बढत (रागाचा सावकाश विस्तार) ज्यांच्या कानात मुरली आहे, त्यांना एकट्या बासचा हा धीमेपणा परका वाटणार नाही.

तुमच्या ओळखीच्या, जॅझ वाजवू पाहणाऱ्या त्या तरुण सतारियाला एवढंच सांगा: ड्रम्स नंतर. आधी एका बासवाल्याबरोबर, एकच राग घेऊन बसा.