‘ते दिवस’, ‘पाळी’ आणि ‘पिरियड्स’

‘त्या दिवसांत’ हा प्रयोग अस्सल मराठी, की सॅनिटरी नॅपकिनच्या जाहिरातींतील हिंदी ‘उन दिनों’ची छाया? मला तरी तो जाहिरातींनी रुळवलेला वाटतो. जुन्या घरांत बाई ‘बाहेरची’ होत असे, ‘बाजूला बसत’ असे, आणि लहान मुलांनी कारण विचारलेच तर तिला ‘कावळा शिवला’ असे सांगितले जाई. या प्रयोगांत ती घरात कुठे आहे आणि तिला शिवायचे नाही, एवढे तरी कळत असे. दिवस आलेच तर ‘चार दिवस’ असे मोजून येत. नुसते ‘ते’ म्हणून नजर चुकवणारे सर्वनाम जाहिरातींत रक्ताच्या जागी दाखवल्या जाणाऱ्या निळ्या द्रवाबरोबर छोट्या पडद्यावरून आले.

हा आडपडदा काही आपलाच नव्हे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत ‘पिरियड’ हा शब्द प्रथम उच्चारला तो अभिनेत्री कोर्टनी कॉक्स हिने, टॅम्पॅक्स या टॅम्पॉनच्या ब्रँडसाठी, १९८५ साली. आणि ब्रिटनमधील बॉडीफॉर्म या सॅनिटरी नॅपकिनच्या ब्रँडला निळ्याऐवजी लाल द्रव दाखवायला २०१७ उजाडले. आपल्याकडे व्हिस्परने २०१४ मध्ये ‘लोणच्याला हात लाव’ असे सांगणारी मोहीम काढली. गंमत म्हणजे व्हिस्पर या नावाचाच अर्थ कुजबुज! कंपनी कोणतीही असो, औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होईपर्यंत थांबून ‘एक व्हिस्पर द्या’ असे हळूच म्हणायचे, आणि दुकानदाराने न सांगता पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत सरकवायचा, हे अनेकींनी अनुभवले असेल.

‘पाळी’ या शब्दाला मात्र उगाच लाजरे ठरवले गेले आहे. त्याचा मूळ अर्थ क्रम, खेप; रात्रपाळी, शेतातली कुळवाची पाळी आणि ‘माझ्यावर ही पाळी आली’ यांतला शब्द तोच. ‘विटाळ’ उच्चारताच शिवाशिव मनात येते, तसे ‘पाळी’चे होत नाही, ती फक्त ठरावीक काळाने परत येते. असा नेमका शब्द हाताशी असताना मराठी जाहिराती ‘ते दिवस’ सोडून थेट ‘पिरियड्स’वर गेल्या, हे मला खटकते.

‘पिरियड्स’ने व्याकरणही बदलले आहे. पाळी ‘येते’ आणि ‘चुकते’, ती एकवचनी आणि स्त्रीलिंगी. पिरियड्स ‘आले’ किंवा ‘चालू आहेत’, म्हणजे अनेकवचनी. शाळेत मात्र ‘पिरियड’ म्हणजे अजूनही तास, आणि तो एकवचनीच ‘ऑफ’ मिळतो.